अक्षराच्या पोटातला हंस

1572 साली लंडनमध्ये 'बिशप्स बायबल'ची नवी, मोठ्या आकाराची आवृत्ती निघाली. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांच्या पुढाकाराने झालेलं हे भाषांतर, चर्चमध्ये उघडून मोठ्याने वाचायचं. त्यात 'इब्री लोकांस पत्र' सुरू होतं तिथला पहिला शब्द 'गॉड'. त्यातला 'जी' चौकटीत ऐसपैस बसवलेला आहे, आणि त्याच्या पोटात एक नग्न स्त्री आणि तिला बिलगलेला हंस. ही ग्रीक कथेतली लेडा, आणि हंसाचं रूप घेऊन आलेला तो देवांचा राजा. अहल्येची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला यात फारसं नवल वाटणार नाही. पण बायबलात, आणि तेही 'देव' या शब्दाच्या पहिल्या अक्षरात! लोकांनी त्या आवृत्तीला 'लेडा बायबल' असं नावच पाडलं.

आता याचा अर्थ काय लावायचा? कोणी छुपा मूर्तिपूजक छापखान्यात शिरला होता? आर्चबिशपांवर कोणी सूड उगवला? की हंसाच्या रूपातला देव आणि माणसाच्या रूपातला देव अशी काही गूढ तुलना सुचवायची होती? असले अर्थ लावायला मजा येते, आणि हुशार माणसाला ते पटकन सुचतातही. प्रत्यक्षात ते अक्षर रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या पुराणकथांवर कोरलेल्या एका अक्षरमालेतलं. हे बायबल छापणाऱ्या रिचर्ड जगच्या छापखान्यात ती लाकडी अक्षरं होती, मजकूर जुळवणाऱ्याला त्या मापाचा 'जी' हवा होता, आणि हाताशी होता तो हा.

अशी आद्याक्षरं बघत बसायचा मला नाद आहे. जुनी पुस्तकं प्रत्यक्ष हाताळायला मिळणं कठीण, पण युरोपातल्या ग्रंथालयांनी पानंच्या पानं स्कॅन करून ठेवली आहेत. रात्री जेवणं आटोपली की मी एखादं पान उघडते आणि मोठं करत करत थेट अक्षराच्या पोटात शिरते. मजकूर लॅटिन, तो मला अडखळतच वाचता येतो, म्हणून डोळा चित्राकडे वळतो. आणि चित्र दिसलं की मन लगेच अर्थ शोधायला धावतं. त्या धावण्याला लगाम कसा घालायचा, आणि कधी घालायचा नाही, हे मला त्या 'जी'ने शिकवलं.

मुळात ही अक्षरं छापायची कल्पना छपाईबरोबर आली नाही. गुटेनबर्गच्या बायबलात अध्यायाच्या सुरुवातीला नुसती मोकळी जागा सोडलेली असे. विकत घेणाऱ्याने ती आपल्या ऐपतीप्रमाणे चित्रकाराकडून भरून घ्यायची. तांबड्या शाईचे मथळे छापून बघण्याचा प्रयत्नसुद्धा पहिल्या काही पानांनंतर सोडून दिला गेला. पुढच्या छापखान्यांनी त्या मोकळ्या जागेत बारीक अक्षर छापायला सुरुवात केली, म्हणजे रंगवणाऱ्याला कळावं की इथे काय काढायचंय. पुष्कळ प्रतींत रंगवणारा कधी आलाच नाही. पानभर मजकूर, डोक्याशी मोठा रिकामा चौकोन आणि त्यात पोरकं वाटणारं छोटंसं 'ए' किंवा 'डी'. पैसे संपले असतील, मालक मेला असेल, किंवा त्याला तसंच वाचायला काही अडलं नसेल.

मेंझमध्ये फुस्ट आणि शोफर या जोडीने 1457 च्या स्तोत्रसंहितेत आद्याक्षरंच दोन रंगांत छापून दाखवली, तांबडं अक्षर आणि त्याभोवती निळी वेलबुट्टी, किंवा उलट. ते ठसे एकात एक बसणाऱ्या भागांचे होते. भाग सुटे करून वेगवेगळी शाई लावायची, पुन्हा जोडायचे आणि छापायचे. काम अप्रतिम, पण इतका खटाटोप रोज कोण करणार? स्वस्त उपाय लाकडाचा होता. पेअरसारख्या घट्ट लाकडाची फळी घ्यायची, तिची उंची बरोबर खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीइतकी ठेवायची, अक्षर उलटं काढायचं आणि जे छापायचं नाही ते सुरीने कोरून टाकायचं. हा ठोकळा खिळ्यांच्या शेजारी त्याच चौकटीत आवळला की एकाच दाबात मजकूरही छापून निघतो आणि अलंकारही.

यात कोणाच्या पोटावर पाय आला ते ऑग्सबर्गमध्ये लगेच दिसलं. गुंटर झायनर तिथे 1468 पासून छपाई करत होता. तिथल्या लाकूड कोरणाऱ्यांच्या संघाने तक्रार केली की हे नवे छापखानेवाले आमचं काम हिरावून घेताहेत, यांना नगरात हक्क देऊ नका. सेंट उलरिख आणि अफ्रा मठाच्या मठाधिपतीला मध्ये पडावं लागलं. तोडगा निघाला तो असा, की छापा खुशाल, पण पुस्तकात लाकडी चित्रं आणि लाकडी आद्याक्षरं घालायची नाहीत. पुढे अट सैल झाली, घालायची तर आमच्या कारागिरांकडूनच कोरून घ्यायची. आद्याक्षरांचा उल्लेख त्या भांडणात आवर्जून होतो, हे मला फार बोलकं वाटतं. आपण ज्याला 'सजावट' म्हणून बाजूला सारतो त्यावर कोणाची तरी चूल पेटत होती.

काही अक्षरांत चित्र आणि मजकूर अगदी एकजीव असतात, नाही असं नाही. उल्ममध्ये योहान झायनरने 1473 साली बोकाचोचं नामांकित स्त्रियांवरचं लॅटिन पुस्तक छापलं. त्यातली पहिली स्त्री ईव्ह. तिचं प्रकरण 'एस'ने सुरू होतं, आणि तो 'एस' म्हणजेच सर्प. समासातल्या झाडाशी ॲडम आणि ईव्ह उभे आहेत, सापाचं शेपूट वळत वळत अक्षर होतं आणि त्याच्या वेटोळ्यांत सात महापापं बसवलेली. हे अक्षर याच पानासाठी, याच शब्दासाठी जन्माला आलं. दुसऱ्या पुस्तकात ते घालायचं म्हटलं तरी पंचाईत व्हावी. याच्या अगदी उलट टोकाला एरहार्ट राटडोल्ट. हा ऑग्सबर्गचाच माणूस, व्हेनिसला जाऊन त्याने 1476 पासून काळ्या जमिनीवर पांढऱ्या वेली असलेली आद्याक्षरं वापरली, आणि 1482 साली त्याने छापलेल्या युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथात ती आकृत्यांशेजारी नांदतात. त्या वेलींचा अर्थ विचारू नये. वेली सुंदर आहेत, पान उजळतं, संपलं.

खरी गंमत या दोन टोकांच्या मधल्या अक्षरांत आहे. ती हजारोंनी आहेत, आणि त्यांत माणसं, प्राणी, देव, संत, खेळणारी पोरं असं काय वाट्टेल ते आहे. एकदा कोरलेला ठोकळा टाकून कोणी देत नसे. तो वर्षानुवर्षं छापायचा, उसना द्यायचा, विकायचा, मुलाला वारसा म्हणून ठेवायचा. दुसऱ्या गावचा छापखानेवाला तो आवडला तर नक्कल कोरून घ्यायचा. नक्कल करताना छापील पानावरून सरळ लाकडावर चित्र उतरवलं की छापल्यावर ते आरशातल्यासारखं उलटं येतं. म्हणून एकच दृश्य एका शहरात डावीकडे तोंड करून आणि दुसऱ्या शहरात उजवीकडे तोंड करून भेटतं. आपल्याकडे खिळ्यांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी गणपतीचे, कलशाचे, सनई-चौघड्याचे ब्लॉक खणात पडलेले असत. जोशांच्या पत्रिकेवरचा गणपती आणि शिंद्यांच्या पत्रिकेवरचा गणपती तोच. त्याची सोंड कुठे वळली आहे यावरून शिंद्यांच्या घराण्याचा दैवत-विचार कोणी मांडू लागला तर आपण हसू. सोळाव्या शतकातल्या आद्याक्षरांबद्दल मात्र असे निबंध गंभीरपणे लिहिले जातात.

म्हणून चित्राआधी ठोकळ्याचा प्रवास बघावा, असं माझं मत आहे. हा कुठून आला, आधी कुठे छापला गेला, याच्या मालेतली भावंडं कोणती? अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात जवळजवळ 14,000 लाकडी ठोकळे सांभाळलेले आहेत, त्यांत आद्याक्षरांच्या पूर्ण माला आहेत. एकटं अक्षर बघितलं तर कोड्यात पडायला होतं. माला बघितली की कोडं निम्मं सुटतं. चित्रकार हान्स होल्बाइनची मृत्यूची अक्षरमाला घ्या. 1524 च्या सुमाराची, बाझेलची. चोवीस अक्षरं, प्रत्येक जेमतेम अडीच सेंटिमीटरचं, आणि प्रत्येकात एक हाडांचा सापळा कोणाला तरी न्यायला आलेला. 'बी'मध्ये पोप, 'सी'मध्ये सम्राट, मग राजा, कार्डिनल, सम्राज्ञी अशी उतरंड लागते आणि शेवटाकडे जुगारी येतात, तान्हं मूल येतं. पहिल्या 'ए'मध्ये सापळे वाद्यं वाजवताहेत आणि 'झेड'मध्ये अंतिम निवाडा आहे. ही क्रमाने वाचायची गोष्ट आहे. पण पुस्तकात ती क्रमाने कधी येणार? परिच्छेद 'एम'ने सुरू झाला तर वैद्याचा मृत्यू येणार, मग मजकूर वैद्यकाचा असो की व्याकरणाचा. एवढ्याशा जागेत एवढी माणसं कोरणारा हान्स लुट्झेलबुर्गर. मालेच्या नमुना-छापावर त्याने आपलं नाव 'ठसे कोरणारा' या हुद्द्यासकट छापून घेतलं. त्याच्या हाताच्या कौशल्याकडे बघितलं तर तो हक्काचाच होता. 1526 मध्ये तो वारला.

आणि मग व्हेसालियस. या बाबतीत मला लगाम सैल सोडावासा वाटतो.

अँड्रियास व्हेसालियसचं मानवी शरीराच्या रचनेवरचं पुस्तक 1543 साली बाझेलमध्ये योहानेस ओपोरिनसने छापलं. लेखक तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, पादुआत शिकवणारा. चित्रांचे ठोकळे व्हेनिसमध्ये कोरले गेले आणि व्यापाऱ्यांबरोबर आल्प्स ओलांडून बाझेलला गेले. सोबत छपाईबद्दलच्या सूचनांचं लांबलचक पत्र. असा हा काटेकोर माणूस. निसर्गदृश्यात उभे राहिलेले, कातडी सोललेले स्नायूंचे पुतळे सगळ्यांना माहीत असतात. पण त्याच पुस्तकातली आद्याक्षरं बघा. गुबगुबीत, पंखांची किंवा बिनपंखांची बाळं, तीच जी युरोपभरच्या अक्षरांत फुगडी घालतात, द्राक्षं तोडतात, बकऱ्यावर बसतात. इथे ती रात्री थडगं उघडून प्रेत काढताहेत. फाशीच्या खांबापाशी जमली आहेत. कढईत हाडं उकळताहेत. फळीला बांधलेल्या जिवंत डुकराला चिरताहेत.

पहिल्यांदा बघताना अंगावर काटा आला आणि लगोलग हसूही आलं. अर्थ लावायचा मोह अनावर होतो. बीभत्स काम निरागस हातांत देऊन लेखक आपल्याला सावकाश तयार करतोय! पण थांबायला हवं, कारण बाळं ही त्याची शोधून काढलेली युक्ती नाही. अक्षरात बाळं घालायचा रिवाज तेव्हा सर्रास होता, बाझेलमध्ये तर फारच. व्हेसालियसने, किंवा त्याच्या चित्रकाराने, चालू रिवाज उचलला आणि आत स्वतःच्या धंद्याचा मालमसाला भरला. निरागसपणाचा प्रश्न आपला आहे. त्या वाचकाला अक्षरात बाळ दिसणं नेहमीचं होतं, नवी होती ती कढई.

ही कामं पुस्तकाच्या मजकुरातही आहेत. लूव्हँजवळ फाशी दिलेल्या माणसाचा साखळीने बांधलेला सापळा व्हेसालियसने गेमा फ्रिसियस या मित्राच्या मदतीने, खांबावर चढून, तुकड्यातुकड्याने काढून आणला, हे तो स्वतःच सांगतो. हाडं उकळून साफ कशी करायची त्याची कृती देतो. पुस्तकाच्या अखेरीला जिवंत प्राण्यावरच्या प्रयोगांचं प्रकरण आहे आणि तिथे फळीला बांधलेल्या डुकराचं चित्रही आहे. म्हणजे अक्षरं काही गुपित फोडत नाहीत. ती करतात ते वेगळं काम. मोठ्या चित्रांत शरीर कसं दिसतं ते आहे, पण ते तिथवर आणलं कसं, हात कोणाचे लागले, दोऱ्या-सुऱ्या-भांडी काय लागली, याला त्या भव्य चित्रांत जागा नाही. ते सगळं अक्षरांत गेलं. मागीलदारी चालणारं काम पानाच्या सगळ्यांत पुढच्या कोपऱ्यात येऊन बसलं.

मात्र कोणतं अक्षर कुठे यावं हे तिथेही प्रकरणाच्या पहिल्या शब्दाने ठरवलं. 'क्यू'ने सुरू होणारी वाक्यं लॅटिनमध्ये पुष्कळ, त्यामुळे त्या अक्षराला काम जास्त. डुकराचा 'क्यू' बघून 'या प्रकरणात डुकराबद्दल काय म्हटलंय' असं शोधायला जाऊ नये. ही माला अख्ख्या पुस्तकाची म्हणून वाचायची आहे, पानापानाची म्हणून नाही. 1555 च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी अक्षरं नव्याने कोरली गेली. त्यातला मोठा 'व्ही' बघा, त्यात अपोलो मार्सियासची कातडी सोलतोय. देवाशी संगीतात स्पर्धा करणाऱ्याला झालेली शिक्षा! बाळांच्या कढईपेक्षा हे जास्त भारदस्त, जास्त विद्वान, आणि मला विचाराल तर जास्त कंटाळवाणं. बारा वर्षांत लेखक सम्राटाच्या दरबारचा वैद्य झाला होता, अक्षरंही दरबारी झाली.

इथे एक आपल्या अंगणातली गोष्ट आठवते. गोव्यात छपाई 1556 मध्ये आली. फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं, पुन्हा 1649 आणि 1654 मध्ये, आणि तेही रोमन लिपीत. 'ॐ नमो विश्वभरिता' ही त्याची सुरुवात रोमन अक्षरांत 'व्ही'ने होते, कारण 'ॐ' तिथे 'Vo' असा लिहिलेला आहे. हस्तलिखित मराठी पोथीत पहिलं अक्षर मोठं करायची रीत नव्हती, फार तर तांबडी शाई. त्यामुळे ओवीच्या डोक्याशी मोठा 'व्ही' बसवलेला असेल, तर त्यात काय असेल याची कल्पना करत मी बराच वेळ घालवला आहे. पण तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उरलेली नाही, आज आपण वाचतो ते हस्तलिखितांच्या आधारे. तेव्हा हा माझा नुसता खेळ.

ठोकळ्याचा प्रवास शोधायचा म्हणजे त्याच्या जखमा वाचायच्या. लाकूड वाळतं, तडकतं, कडा झिजतात. तारीख नसलेल्या पुस्तकात अक्षराच्या चौकटीला एक चीर दिसते आणि तारीख असलेल्या दुसऱ्या पुस्तकात तीच चीर आणखी लांबलेली दिसते, म्हणजे पहिलं पुस्तक आधीचं. धातूचे ठसे असे तडकत नाहीत, ते वाकतात, आणि कोपऱ्यात खिळे ठोकल्याच्या खुणा दिसतात. त्यामुळे 'लाकडी' म्हणून नोंदलेलं अक्षर मुळात धातूचं निघणं हा नेहमीचा प्रकार आहे. आणि किडे! लाकूड पोखरून बाहेर पडणाऱ्या भुंग्याचं भोक छपाईत पांढरा ठिपका होऊन उतरतं. ब्लेअर हेजेस या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 2013 मध्ये अशा ठिपक्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. उत्तर युरोपातल्या छापांत भोकं साधारण 1.4 मिलिमीटरची, दक्षिणेतल्या छापांत 2.3 च्या आसपास, कारण दोन्हीकडचे भुंगे वेगळ्या जातींचे. अर्थाच्या मागे लागलेल्या माणसाने हे ठिपके कधी बघितलेच नसते.

तरीही ठोकळा आधी आणि अर्थ नंतर, हा माझा नियम एका अक्षरापुढे मला स्वतःलाच डळमळीत वाटतो. जॉन फॉक्सचा प्रोटेस्टंट हुतात्म्यांचा ग्रंथ लंडनच्या जॉन डे याने 1563 मध्ये छापला. पहिल्या एलिझाबेथ राणीला अर्पण. अर्पणपत्रिकेचा पहिला शब्द 'कॉन्स्टंटाइन', ख्रिस्ती धर्माला आसरा देणारा रोमन सम्राट. त्याच्या 'सी'च्या कवेत सिंहासनावर राणी बसली आहे, हातात तलवार आणि राजगोल. तिच्या पायांखाली मोडक्या किल्ल्या घेतलेला पोप. बाजूला तीन पुरुष उभे आहेत. त्यांच्यात फॉक्स आणि डे आहेत असं म्हणणारे आहेत, तिसऱ्याच्या जागी निरनिराळी नावं सुचवली गेली आहेत, आणि वाद मिटलेला नाही. ते काहीही असो, इथे चित्र, अक्षर आणि शब्द एकाच दिशेला बोट दाखवतात. ही राणी म्हणजे नवा कॉन्स्टंटाइन.

सात वर्षांनी, 1570 मध्ये, ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली. फॉक्सने अर्पणपत्रिका नव्याने लिहिली. कॉन्स्टंटाइन पहिल्या शब्दावरून गेला, आणि सुरुवात झाली 'ख्राइस्ट'ने, राजांचा राजा. पुन्हा 'सी', तोच ठोकळा, तीच राणी, तोच पायाखालचा पोप. सम्राटाच्या आद्याक्षरात बसलेली राणी आता ख्रिस्ताच्या आद्याक्षरात बसली. या बदलावर अभ्यासकांनी राणी आणि कडवे धर्मसुधारक यांच्या ताणाचे अर्थ लावले आहेत, ते पटण्यासारखेही आहेत. पण मला त्याआधीची एक शंका येते. मजकूर आधी आणि अक्षर मागाहून, हे मी आतापर्यंत गृहीत धरून बोलत आले. इथे एवढा महागाचा, राणीचं चित्र असलेला ठोकळा डे यांच्या छापखान्यात तयार पडलेला होता. नवी अर्पणपत्रिका लिहायला बसलेल्या फॉक्सला त्या दिवशी 'सी'खेरीज दुसऱ्या अक्षराने सुरुवात करायची मुभा कितपत होती?